पेशीतला दिवा

हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. एक पदार्थ दुसऱ्याला भेटला की रंग बदलून वर्दी देतो! आम्हा मराठीच्या मास्तरांना एवढे रसायनशास्त्र पुरे होते. पण पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या गावी राहणाऱ्याचे तेवढ्यावर भागत नाही.

भोसरीपासून चाकणपर्यंत मोटारींचे सुटे भाग घडतात आणि त्यांवर जस्ताचा, निकेलचा, क्रोमचा मुलामा चढतो. ते भाग धुतलेले पाणी जायचे कुठे? एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी, आणि तिच्या काठी पुढे आळंदी! पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे १० लाख लिटरांत ५० ग्रॅम. सोनाराच्या आजच्या मापाने ५ तोळे. इतके सूक्ष्म मोजणारी यंत्रे आहेत. परंतु त्यांना पेशी द्यायची तर आधी आम्लात विरघळवून द्यावी लागते. जिवंतपणी धातू तिच्यात कुठे दडला होता, हे मग कळायचे कसे?

ते सांगतात चमकणारे रेणू. १९८५ साली अमेरिकेत रॉजर त्सियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फ्युरा-२' पुढे आणला. त्याचे एक अंग कॅल्शियमला खेकड्याच्या नांगीसारखे पकडते, दुसरे अंग अतिनील प्रकाशात चमकते. कॅल्शियम सापडले की ही चमक बदलते, आणि त्या बदलावरून त्याचे प्रमाण काढता येते. हृदयाच्या पेशीत दर ठोक्याला कॅल्शियम कसे उसळते, हे त्यामुळे प्रत्यक्ष पाहता आले.

पुढे जस्तासाठीही असे रेणू झाले. पण आमच्या पट्ट्यातले निकेल आणि तांबे मोठे खट्याळ! ते चमक वाढवण्याऐवजी बहुधा विझवतात. आता दिवा विझला, तर तो धातूने विझवला की तेल संपले म्हणून विझला, हे कोणी सांगावे? म्हणून धातू भेटताच पेटणारे रेणू घडवण्यासाठी संशोधक झटत असतात. काही साधलेही आहेत. मात्र ही किमया अजून मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखालचीच. माणसाच्या कातडीतून असला उजेड फारसा आरपार येत नाही.

माझ्या वर्गात मुलाम्याच्या टाकीशी उभे राहणाऱ्या कामगारांची मुले बसतात. वडिलांच्या लघवीत निकेल किती, हे तपासता येते, एवढे मी त्यांना सांगितले.

"सर, पण तोवर बाबांनी करायचं काय?" एकाने विचारले.

"हातमोजे घालायचे," मी म्हणालो, "आणि टाकीवरची वाफ ओढणारा पंखा बंद असला, तर तो का बंद आहे, हे मालकाला विचारायचं."