मोबाईल स्वस्त, केबल महाग : हा नफा येतो कोठून?

राधानगरीची बाजारपेठ असो की कोल्हापूरची, एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. १२ हजारांच्या मोबाईलमध्ये दुकानदार दोन-तीनशे रुपये खुशीने कमी करतो. पण त्याच दुकानात हातभर चार्जिंग केबलचे दीडशे-दोनशे रुपये मोजावे लागतात आणि तेथे घासाघीस चालत नाही. "वायरीच्या तुकड्याला एवढे पैसे? ही तर लूट झाली," असे म्हणत गिऱ्हाईक पायरी उतरते.

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण मोबाईल विक्री आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. त्यांच्या कमाईला कोणी 'लूट' म्हणत असेल तर त्याचा विचार झाला पाहिजे. आम्ही कापडाचे व्यापारी. पण तराजू कोणताही असो, नफ्याचा हिशेब एकाच रीतीने होतो.

साडी आणि फॉल

कापडवाल्याला ही गोष्ट समजायला वेळ लागत नाही. साडीच्या भावासाठी बायका गांधीनगरपासून महाद्वार रोडपर्यंत दहा दुकाने फिरतात. फॉल, अस्तर आणि मॅचिंगच्या भावासाठी कोणी फिरत नाही. साडी घेतली त्याच दुकानात ते घेऊन मोकळे होतात. म्हणून साडीवर नफा घासून घासून पातळ होतो आणि अस्तर-फॉलवर तो टिकून राहतो.

मोबाईलचे तसेच आहे. कंपनी, मॉडेल, किंमत सगळे गिऱ्हाईकाच्या हातातल्या फोनवरच दिसते. ऑनलाइन भावापेक्षा शंभर रुपये जास्त सांगितले तर ते परत जाते. केबलचा भाव मात्र कोणाला पाठ नसतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, १२,००० रुपयांच्या फोनवर दुकानदाराला ३ टक्के, म्हणजे ३६० रुपये सुटले. त्यासाठी त्याची ११,६४० रुपयांची रक्कम अडकली. आता समजा, ६० रुपयांना आणलेली केबल त्याने १५० ला विकली. नफा ९० रुपये. अशा चार केबली विकल्या की एका फोनचा नफा सुटतो आणि त्यात भांडवल गुंतते फक्त २४० रुपये. दुकानाचे भाडे, वीजबिल आणि पोराचा पगार फोनमधून निघत नाही, तो केबल, कव्हर, चार्जर आणि काचेतून निघतो. याला कर कारण नाही. फोनवर जीएसटी १८ टक्के आणि केबलवरही १८ टक्केच आहे.

दुकानदाराची बाजू

शेकडा हिशेबाने ९० रुपये फार वाटतात, पण नगामागे पाहिले तर चित्र बदलते. १५० रुपयांच्या केबलसाठीही पाकीट फोडावे लागते, गिऱ्हाईकाच्या फोनला लावून दाखवावी लागते, आठ दिवसांनी ती परत आली तर बदलून द्यावी लागते.

शिवाय माल पडून राहण्याचा धोका मोठा. कापडाची फॅशन गेली तर सेलमध्ये निघते. पिन बदलली तर केबलीला कोणी हात लावत नाही. ॲपलची लाइटनिंग पिन २०१२ मध्ये आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ बरोबर कंपनीने टाइप-सी घेतली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीची केली. जुन्या मायक्रो-यूएसबी केबलींचे गठ्ठे कित्येक दुकानांत अजून पडून आहेत. राधानगरीच्या पावसाळ्यात दमट हवेने पिना गंजतात, तो तोटा वेगळाच.

ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या डब्यातून चार्जर काढला गेला, नंतर इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. जी वस्तू फोनबरोबर मिळत होती, ती वेगळी विकत घ्यावी लागू लागली.

आणि गरजेचीही एक किंमत असते. दाजीपूरला गवे पाहायला आलेला पाहुणा चार्जर घरी विसरला तर तो भाव करीत बसत नाही. वाडीवरचा माणूस केबलीसाठी पन्नास-पंचावन्न किलोमीटर कोल्हापूरला गेला तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. माल गावात हजर ठेवणे हीसुद्धा सेवा आहे आणि तिचा मोबदला घेणे गैर नाही.

नफा किती घ्यावा?

शरीअतने नफ्याचा ठराविक टक्का सांगितलेला नाही. ह. उरवा बारिकी (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एक दिनार देऊन बकरी आणायला पाठविले. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक वाटेत एका दिनारला विकली आणि बकरीसह दिनारही परत आणून दिला. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. म्हणजे दामदुप्पट झाली म्हणून सौदा हराम ठरत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. बाजारभाव कळण्याआधीच काफिल्याला वाटेत गाठून माल उचलण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, कारण त्यात समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा घेतला जातो. धान्याच्या राशीत हात घालून त्यांनी आतला ओला माल उघड केला आणि तो वर ठेवण्यास सांगितले. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचेच व्यापारी होते. भागीदाराने ऐब न सांगता कापड विकले, तेव्हा त्यांनी ती सारी रक्कम खैरात केली, असे सांगितले जाते.

दोष ९० रुपयांत नाही, लपवाछपवीत आहे. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार देणे, साध्या केबलीवर 'फास्ट चार्जिंग' सांगणे, नकली मालावर नामांकित कंपनीची छाप मारणे, पाकिटावर ९९९ छापून "तुमच्यासाठी २५०" म्हणणे, ही नफाखोरी झाली. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार नकली छापाचा माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते.

गिऱ्हाईकाने काय पाहावे

पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर आणि सर्व करांसह कमाल किंमत असावी. त्याहून जास्त घेतले तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. मात्र छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत आहे, तो योग्य भाव असेलच असे नाही.

टीव्हीच्या एचडीएमआय केबलीला सोन्याचा मुलामा असला म्हणून चित्र उजळ होत नाही. तो आकड्यांचा संदेश असतो. नीट पोहोचला तर चित्र पूर्ण येते, नाही तर तुटते. दोन-तीन मीटरसाठी साधी चांगली केबल पुरते. चार्जिंगच्या केबलीचे मात्र तसे नाही. बारीक तारेत वीज वाया जाते आणि चार्जिंग मंदावते. टाइप-सीची साधी केबल ६० वॅटपर्यंत चालते, त्यापुढे आत चिप असलेली लागते. लॅपटॉपवाल्यांनी हे विचारूनच घ्यावे.

तरुण दुकानदारांना

आमच्या कापडाच्या दुकानात सुती आणि मिक्स वेगळ्या फळीवर ठेवतात, तशी केबलही ठेवा. साधी, मध्यम आणि उत्तम, प्रत्येकीचा भाव लिहून. स्वस्तातली किती दिवस टिकेल ते स्वतःहून सांगा. आपल्याकडून घेतलेली केबल आठवड्यात बिघडली तर वाद न घालता बदलून द्या. बिल द्या.

लहान गावात गिऱ्हाईक तेच असते आणि त्याचा मुलगाही उद्या त्याच दुकानात येतो. केबलीत फसलेला माणूस पुढचा फोन कोल्हापुरातून आणतो आणि गावात चार जणांना सांगतो. ९० रुपये घ्या, पण गिऱ्हाईकाला सारे ठाऊक असताना ते घेता येतील असा माल द्या. कमाईत बरकत त्यानेच येते.