मामाची गाडी का थांबली?

बॉनेट उघडं टाकून रस्त्याच्या कडेला डोकं खाजवत उभा असलेला गाडीवाला तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. जाणारे-येणारे चारजण थांबतात आणि चार सल्ले देतात. "बॅटरी गेली!" "पेट्रोलमध्ये पाणी असणार!" "वायर सुटली असेल हो!" "ढकला, ढकला!" गंमत म्हणजे यातलं कुणीच एक साधा प्रश्न विचारत नाही. गाडी बंद पडली ती नेमकी कशी?

या प्रश्नाची किंमत मला १९९३ सालच्या मे महिन्यात, कुंभार्ली घाटात कळली.

मी तेव्हा सातवीत होतो आणि ताई नववीत. मामा, आजी आणि आम्ही दोघं चिपळूणहून कराडला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. संध्याकाळी सातच्या आत दाखल व्हा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आधी दोनदा ठरलेली तारीख आजीच्या खोकल्यामुळे हुकली होती. आता तिला समोरच्याचा चेहराही नीट दिसत नव्हता. मामाची गाडी जुनी, पण गावातल्या गावात तिनं कधी त्रास दिला नव्हता. लांबचा पल्ला म्हणून निघताना मामानं टाकी काठोकाठ भरून घेतली. (हे लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.)

घाट निम्माशिम्मा चढून झाला आणि गाडी आचके द्यायला लागली. दोन-तीन हिसके, की इंजिन गप्प! मामानं हँडब्रेक ओढला. ताईनं पटकन उतरून मागच्या चाकाला दगड लावला. मामानं आधी टाकीचं झाकण काढून आत पाहिलं. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावून तो बॉनेटकडे वळला. स्टार्टर मारला की इंजिन जोरात फिरायचं, म्हणजे बॅटरी ठीक होती. पण सुरू काही होईना.

तेवढ्यात एक ट्रक थांबला. पिकल्या मिशांचे ड्रायव्हरकाका खाली उतरले. त्यांनी सल्ला दिला नाही, प्रश्न विचारला, "दिवा मालवल्यासारखी फटदिशी बंद पडली, का आचके देत देत?"

"आचके देत," मामा म्हणाला.

"मग करंट नाय. पेट्रोल बघा."

त्यांना हे कसं कळलं? पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. वायर सुटली तर सगळ्याच ठिणग्या एकदम थांबतात, आणि इंजिनही बहुधा एकदम थांबतं. पेट्रोलचं तसं नाही. जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये वाटीभर पेट्रोल साठलेलं असतं. मागून येणारं पेट्रोल तुटलं की इंजिन त्या वाटीवर थोडं चालतं आणि मग खोकत खोकत बंद पडतं.

काकांनी एअर फिल्टरचं झाकण काढून कार्ब्युरेटरमध्ये पाहिलं. ॲक्सिलरेटरची दांडी हातानं ओढली की आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली नाही. वाटी कोरडी होती!

"घाटात इंजिन तापतं, नळीत पेट्रोलची वाफ होते. वाफेचा फुगा आडवा आला की पंपाला पेट्रोल ओढवत नाय," काका म्हणाले. याला व्हेपर लॉक म्हणतात. त्यांनी फडकं भिजवून पेट्रोलच्या पंपाला गुंडाळलं. पंधरा-वीस मिनिटं थांबलो, स्टार्टर मारला आणि गाडी सुरू! काका हात हलवून निघून गेले.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण कोयनानगर मागे पडलं, चढ संपला, ऊन उतरलं, गार वारा सुटला, आणि गाडी पुन्हा आचके देऊन थांबली. साडेपाच वाजले होते. आजी काही बोलली नाही, फक्त पिशवीचे बंद घट्ट धरून बसली.

मामा फडकं भिजवायला निघाला. ताई म्हणाली, "मामा, थांब ना. आता चढ नाही, ऊन नाही. मग वाफ कशी होईल?"

"अगं, तापलं असेल इंजिन."

"घाटात तू टाकीचं झाकण काढलंस तेव्हा फुस्स आवाज आला होता. हवा आत ओढल्यासारखा."

"येतो गं आवाज. त्याचं काय?"

"आपण तिथे तीन गोष्टी केल्या. झाकण उघडलं, फडकं गुंडाळलं आणि थांबलो. गाडी त्यातल्या कशानं सुरू झाली ते कुणाला माहीत? या वेळी फडकं नको. नुसतं झाकण उघडून बघ."

मामा कुरकुरत मागे गेला. फुस्स! या वेळी मीही ऐकलं. त्यानं झाकण परत लावलं आणि स्टार्टर मारला. आठ-दहा सेकंद नुसती घरघर, मग इंजिन धडधडायला लागलं. फडकं नाही, थांबणं नाही!

घरी तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आई दोन भोकं पाडते, पाहिलंय का? एकच भोक पाडलं तर तेल डबडब करत अडखळत येतं. आपल्याभोवतीची हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका दाब देत असते. डब्यातून तेल बाहेर गेलं की त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. ती आली नाही तर आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा तेलाला अडवून धरते. पेट्रोलच्या टाकीचंही तेच. जुन्या गाड्यांत हवा आत यायला बहुधा झाकणातच बारीकशी वाट ठेवलेली असे. मामाचं मूळ झाकण दोन महिन्यांपूर्वी हरवलं होतं. त्यानं बाजारातून दुसरं आणलं. चांगलं घट्ट बसणारं, चकचकीत, आणि बिनभोकाचं!

मग दोन महिने काहीच कसं झालं नाही? कारण गावात मामा पाच-सात लिटरच पेट्रोल भरायचा आणि फेऱ्याही छोट्या असायच्या. टाकीत हवा भरपूर, तेव्हा थोडं पेट्रोल गेल्यानं दाब फारसा उतरायचा नाही. त्या दिवशी मात्र टाकी काठोकाठ होती. हवेला जागा अगदी थोडी, त्यामुळे दोन-तीन लिटर जाताच ओढ एवढी वाढली की पंप हरला. ड्रायव्हरकाकांचं तरी चुकलं कुठे? व्हेपर लॉक खरंच होतं, आणि त्यांचा पहिला प्रश्न तर लाखमोलाचा होता. ते फक्त गाडी सुरू होताच निघून गेले.

मामा म्हणाला, झाकण सैलच ठेवू या. पण वळणावर पेट्रोल सांडलं तर भडका उडायचा. मग ठरलं, दर दहा मिनिटांनी थांबायचं. मी घड्याळ धरून बसलो. थांबायचं, फुस्स करायचं, निघायचं. पाटण गेलं आणि पुढे थेट कराडपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. दवाखान्याच्या दारात पोहोचलो तेव्हा सातला दहा मिनिटं कमी होती.

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. पंप विजेवर चालतो आणि टाकीतच बुडालेला असतो. टाकीच्या श्वासाची वाट कोळशाच्या डबीतून जाते. बिघाडाची नोंद गाडीतला कॉम्प्युटर ठेवतो आणि मेकॅनिक स्कॅनर जोडून ती वाचतो. तरी चांगला मेकॅनिक आधी तुमच्या बाबांनाच विचारेल, गरम झाल्यावर बंद पडते का? थंड झाली की सुरू होते का? इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर तापला की दगा देऊ शकतो आणि निवला की पुन्हा शहाणा होतो. म्हणून गाडी बंद पडली तर वेळ, वेग, चढ आणि पेट्रोलचा काटा लिहून ठेवायचं काम तुम्ही घ्या. (बॉनेटखाली हात मात्र मोठ्यांनीच घालावेत. गरम इंजिन आणि पेट्रोल हा खेळ नाही.) आणखी एक. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक लागतो. तेव्हा बाबांना घाबरवू नका, गाडी कडेला घेऊ द्या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंगच अडकेल.

आजीचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर तिनं पहिल्यांदा काय मागितलं असेल? ते झाकण! खिडकीशी नेऊन तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"एवढंसं भोक नाही म्हणून गो?" ती ताईला म्हणाली.