चुन्याच्या सफेदीपासून 'वर्षाच्या रंगा'पर्यंत : घराच्या भिंतींवरील चलत्या रंगांचा आढावा

पावसाळा सरून भिंती सुकू लागल्या की महाराष्ट्रात रंगकामाचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच सुमारास रंगाच्या दुकानांतून, जाहिरातींतून आणि गृहसजावटीच्या मासिकांतून यंदा कोणत्या छटा चालणार याची चर्चा रंगू लागते. गेल्या काही वर्षांत या चर्चेवर मातकट, विटकरी, गव्हाळ आणि शेवाळी छटांचा वरचष्मा राहिला असून, त्याआधीच्या दशकात नव्या सदनिकांमधून सर्रास दिसणारा करडा रंग मागे पडला आहे. या बदलाला सहज फॅशन म्हणून मोकळे होता येते. परंतु भिंतीवर कोणता रंग येईल हे प्रत्येक काळात चार गोष्टींनी ठरवलेले दिसते. प्रत्यक्ष रंग देणारी बारीक पूड म्हणजे रंगद्रव्य, ती पूड भिंतीला धरून ठेवणारे बंधक द्रव्य, खोलीत येणारा प्रकाश आणि रंग विकणारा बाजार या त्या चार गोष्टी होत. त्यांचा परस्परसंबंध ध्यानात घेतला, तर आजच्या चलत्या रंगांचा अर्थही उलगडतो आणि त्यांतून आपल्या घरासाठी निवड कशी करावी हेही अधिक स्पष्ट होते.

चुन्याने आखलेली रंगांची हद्द

डबाबंद रंग घरोघरी पोहोचण्यापूर्वी भिंतीचा प्रमुख रंग होता तो चुन्याचा. कळीचा चुना पिंपात टाकून त्यावर पाणी ओतले की तो फसफसून तापत असे; असा विरवलेला चुना मुरू देऊन, फडक्यातून गाळून, त्यात थोडा डिंक किंवा सरस आणि चिमूटभर नीळ घालून जाड कुंच्याने त्याचे दोन-तीन पातळ हात दिले जात. ओला असताना हा थर जवळजवळ पारदर्शक दिसतो; तो सुकत जातो तसतशी पांढरी झाक उमटू लागते आणि पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचे रूपांतर पुन्हा चुनखडीत होते, म्हणजे सफेदी भिंतीचाच दगडी भाग बनते. निळीचे कामही शास्त्रशुद्ध होते, कारण निळ्याचा अंश पांढऱ्यातील पिवळसर झाक डोळ्यांपुरती पुसून टाकतो आणि भिंत अधिक शुभ्र भासते.

रंगांच्या दृष्टीने चुन्याचा महत्त्वाचा गुण म्हणजे त्याची तीव्र अल्कता. प्रशियन ब्लूसारखी काही रंगद्रव्ये चुन्यात टिकत नाहीत, त्यांचा रंग उडतो. याउलट लोहाच्या ऑक्साइडांनी रंगलेला गेरू, पिवडी आणि काव, तसेच धुण्याच्या निळीतील अल्ट्रामरीन चुन्यात सुखाने राहतात. त्यामुळे चुना लावणाऱ्या प्रदेशांत घरांच्या रंगांची एक ठरावीक चौकट आपोआप तयार झाली. पणजीतील फोंतेन्यास वस्तीत पांढऱ्या किनारीने उठून दिसणारे पिवळे, निळे आणि तांबडे दर्शनी भाग याच चौकटीतले आहेत. घरे रंगीत ठेवून पांढरा रंग चर्चसाठी राखण्याचा संकेत तेथे पोर्तुगीज काळापासूनचा म्हणून सांगितला जातो. गोवा आणि सिंधुदुर्गातील मंदिरांवर आढळणाऱ्या कावी चित्रांत चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो कोरला जातो आणि खालचा पांढरा थर उघडा पडून आकृती उमटते. चुन्याशी संबंध नसलेल्या भिंतींवरही खनिज रंगांचीच सत्ता होती. पालघर-डहाणू परिसरातील वारली चित्रे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात, आणि अजिंठ्याच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यावर गेरू, पिवडी, काजळी आणि हिरवी माती ही रंगद्रव्ये वापरलेली आहेत. तेथील झळाळत्या निळ्यासाठी मात्र लाजवर्द हा मौल्यवान दगड दूरदेशाहून आणावा लागला.

डबाबंद रंगाने मोडलेली हद्द

विसाव्या शतकात ही चौकट टप्प्याटप्प्याने मोडली. प्रथम डिस्टेंपर आले. त्यात खडूची पूड सरस किंवा तेलाच्या मिश्रणाने बांधलेली असल्याने गुलाबी, पिस्ता, आकाशी अशा फिक्या छटा मध्यमवर्गीय घरांना परवडू लागल्या, पण साध्या डिस्टेंपरच्या भिंतीला टेकले की कपड्यांना पूड लागे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि जिन्याच्या कडेच्या भिंतींना धुता येणारा ऑइल पेंट दिला जाई. पुढे इमल्शन म्हणजे पाण्यात विखुरलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या अतिसूक्ष्म कणांनी बांधलेला रंग आला. पाणी उडून गेल्यावर हे कण एकमेकांत मिसळून भिंतीवर अखंड पापुद्रा तयार करतात आणि रंगद्रव्य त्यात अडकून राहते.

बंधक बदलताच रंगद्रव्यांवरचे निर्बंधही सैल झाले. टायटॅनियम डायऑक्साइड हे प्रकाश अतिशय जोरकसपणे परतवणारे पांढरे रंगद्रव्य पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात व्यापारी प्रमाणावर मिळू लागले आणि विषारी शिसेयुक्त पांढऱ्याची जागा ते घेऊ लागले. त्याचे खनिज असलेले इल्मेनाइट केरळप्रमाणेच रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते. १९३० च्या दशकात फ्थॅलोसायनिन वर्गातील प्रखर निळी-हिरवी रंगद्रव्ये बाजारात आली. मुंबईत १९४२ साली सुरू झालेल्या एशियन पेंट्सने रंगाचा डबा छोट्या गावांपर्यंत नेला, आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटलेला, हातात ब्रश घेतलेला गट्टू नावाचा खोडकर मुलगा या प्रसाराचा चेहरा ठरला.

निवडीचा विस्तार खऱ्या अर्थाने घडवला तो दुकानातील रंग मिसळणाऱ्या यंत्राने. पूर्वी रंगारी पांढऱ्या रंगात 'स्टेनर'ची बाटली थेंबाथेंबाने ओतून छटा जुळवीत असे आणि दुसरा डबा पहिल्याशी जुळेलच याची खात्री नसे. आता यंत्र पांढऱ्या किंवा पारदर्शक 'बेस'च्या डब्यात ठरलेल्या सूत्राप्रमाणे रंगाची मोजून धार सोडते, डबा घुसळून निघतो आणि हजारांहून अधिक छटांपैकी हवी ती काही मिनिटांत हाती येते. निवड इतकी अफाट झाली की ग्राहकाला दिशा दाखवणे हाच एक व्यवसाय बनला, आणि चलत्या रंगांची आजची संस्कृती येथून जन्मली.

'वर्षाचा रंग' आणि सध्याचा कल

अमेरिकेतील पॅंटोन ही रंगांच्या प्रमाणीकरणासाठी ओळखली जाणारी संस्था २००० या वर्षापासून दरवर्षी एक रंग जाहीर करते. पहिला मान सेरुलियन या आकाशी छटेला मिळाला होता. २०२३ साठी भडक मजेंटा निवडणाऱ्या या संस्थेने २०२४ साठी फिकट पीच, २०२५ साठी 'मोका मूस' हा कॉफीसारखा तपकिरी आणि २०२६ साठी 'क्लाउड डान्सर' हा मऊ पांढरा निवडला, म्हणजे तीन वर्षांत रंगाचा आवाज उतरत गेला. हे रंग मुख्यतः वस्त्रे, वेष्टने आणि वस्तूंच्या रचनाकारांसाठी असतात. भिंतीच्या रंगांबाबत ड्युलक्स या रंगांच्या ब्रँडने २०२५ साठी 'ट्रू जॉय' हा उजळ पिवळा पुढे आणला. एशियन पेंट्सही २००३ पासून भारतातील रंगप्रवाहांचे वार्षिक भाकीत मांडत आली असून, २०२४ साठी तिने 'टेरा' ही मातीची छटा आणि २०२५ साठी 'कार्डिनल' ही मंद जांभळी छटा निवडली.

या घोषणा परस्परांशी जुळत नाहीत, आणि म्हणून त्यांतील एखादा सुटा रंग उचलण्यापेक्षा त्यांच्यामागचा एकत्रित कल पाहणे उपयुक्त ठरते. हा कल तीन बाबतींत ठळक आहे. पहिली म्हणजे उबदार, मातकट छटांची सरशी; २०२० नंतर घर हेच अनेकांचे कार्यालय आणि शाळा झाल्यावर करड्या भिंतींचा थंडपणा जाणवू लागला, हे त्याचे एक कारण मानले जाते. दुसरी म्हणजे एकाच भिंतीला गडद रंग देण्याची दोन दशकांची रीत मागे पडून भिंती, छत, चौकटी आणि दारे एकाच छटेत बुडवण्याची पद्धत. यात कडा पुसल्या गेल्याने खोली सलग वाटते. तिसरी म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाऐवजी चुन्यासारख्या ढगाळ, हाताच्या फटकाऱ्यांच्या पोताची ओढ. तिन्ही बाबी एकत्र पाहिल्या तर लक्षात येते की ज्या लोहयुक्त मातीला आणि चुन्याला डबाबंद रंगांनी भिंतीवरून हटवले, त्यांच्याच रूपाकडे आता महागड्या डब्यांच्या वाटेने परत जाणे चालले आहे. हे परतणे स्वागतार्ह आहे. मात्र त्यात केवळ रूप येऊन गुण मागे राहू नये, याची काळजी घ्यायला हवी.

भिंत आणि प्रकाश यांचा निर्णय

चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते, म्हणून कोकणातील जुन्या चिऱ्याच्या किंवा चुन्याने सांधे भरलेल्या घरांवर इमल्शनचा घट्ट पापुद्रा चढवला की आतील ओल अडकते, क्षार वर येतात आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडे निघू लागतात. अशा घरांना खरा चुनाच मानवतो. याउलट शहरी सदनिकेत जुन्या इमल्शनवर थेट चुना मारला तर तो धरत नाही, कारण त्याला शोषक, खनिज पृष्ठभाग लागतो. तेथे चुन्याचा भास देणारा तयार रंग निवडणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

प्रकाशाचा वाटा तर याहून मोठा आहे. अनेक रंगपत्रिकांत छटेसोबत 'एलआरव्ही' म्हणजे प्रकाश परावर्तन मूल्य दिलेले असते. शून्य म्हणजे सर्व प्रकाश गिळणारा काळा आणि शंभर म्हणजे सर्व परतवणारा पांढरा. शुभ्र पांढऱ्याचे मूल्य ऐंशीच्या पुढे असते, तर विटकरी रंगाचे त्याहून कितीतरी कमी. समोरच्या इमारतीमुळे काळोखी झालेल्या मुंबईतील एका खोलीच्या घरात चारही भिंती विटकरी केल्या तर दिवसाही दिवा लावावा लागेल; विदर्भातील प्रखर उन्हाच्या दिवाणखान्यात तीच छटा डोळ्यांना विसावा देईल. उत्तरेचा प्रकाश स्थिर आणि किंचित निळसर असतो, त्यात करडा रंग अधिकच थंड आणि गव्हाळ रंग संतुलित दिसतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी पिवळे-तांबडे रंग भडक होतात. दिव्यांचाही परिणाम तसाच आहे : सुमारे २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी आणि ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी यांखाली एकच शेवाळी छटा दोन वेगळ्या रंगांसारखी वाटते.

निवडीत आरोग्याचा विचारही अटळ आहे. चकचकीत पिवळ्या आणि केशरी ऑइल पेंटमध्ये दीर्घकाळ शिशाचे क्रोमेट वापरले जाई आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. म्हणून केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी आणली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगाचे खपले घासकागदाने कोरडे घासण्याचे टाळावे, कारण त्या धुळीचा पहिला बळी तोंडाला फडके बांधून काम करणारा रंगारी असतो.

या साऱ्याचा इत्यर्थ असा की चलता रंग ही एक सूचना असते, आज्ञा नव्हे. रंगपत्रिकेवरील बोटभर नमुन्यावरून निर्णय न घेता निवडलेल्या दोन-तीन छटांचे नमुने प्रत्यक्ष भिंतीवर, प्रायमरवर दोन हात देऊन लावावेत. सकाळी, दुपारी आणि रात्रीच्या दिव्यात ते पाहावेत आणि मगच डबा मिसळून घ्यावा. ज्या घरांना अजून चुना, गेरू आणि काव मानवते त्यांनी ते रंग जुने म्हणून टाकून देऊ नयेत आणि ते लावण्याचे कसब जाणणाऱ्या रंगाऱ्यांना काम मिळत राहील असे पाहावे. दरवर्षी नवा रंग जाहीर होत राहील. रंगवलेल्या भिंती मात्र पाच-सात वर्षे सोबत करतात, आणि म्हणून त्यांच्या रंगाचा निकाल बाजारापेक्षा त्या घरातील प्रकाशाने आणि तेथे राहणाऱ्या माणसांनी लावणे अधिक न्याय्य ठरते.