दारू, मधुमेह आणि उतरलेली साखर

मंडळी, एस. टी. स्टँडच्या भिंतीला टेकून वाकडातिकडा पडलेला माणूस आपण सर्वांनीच पाहिला आहे. तोंडाला वास येत असतो, बोलणे तुटक असते, सदरा घामाने भिजलेला असतो. आपण काय करतो? "चढली आहे, उतरेल," असे म्हणतो आणि आपली गाडी पकडतो. बहुतेक वेळा आपला अंदाज बरोबरही असतो. पण एखादे वेळी असे असते की त्या माणसाला दारू तर चढलेलीच असते, पण त्याच्या रक्तातली साखर उतरत चाललेली असते. मग त्याच्या हाती सकाळपर्यंतचा वेळ नसतो.

दारू पिऊ नका हे सांगण्यासाठी मी आलेलो नाही. ते गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून माझ्यापेक्षा कितीतरी चांगले सांगून ठेवले आहे. शिवाय मी कॉलेजात मराठी शिकवणारा मास्तर, डॉक्टर नव्हे. आज जे सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून मिळवलेले आहे. विचारण्याची पाळी का आली, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरचे एक लग्न होते. माझे थोरले आतेभाऊ, त्यांना आम्ही दादा म्हणतो, तेव्हा चोपन्न वर्षांचे. मधुमेह नऊ वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ जेवणापूर्वी गोळी. माणूस शिस्तीचा. नवाला पंगत बसेल या हिशेबाने त्यांनी सात-साडेसातला गोळी घेतली. पण वरात लांबली. मध्येच दोघा-तिघांनी त्यांना गोठ्यामागे नेले, तिथे बाटली होती. मग बँजोपुढे तासभर नाच झाला. रात्री बाराच्या सुमारास दादांची जीभ जड झाली, आपल्या सख्ख्या भावाला त्यांनी शिवी हासडली आणि ते मटकन खाली बसले. आम्ही हसलो. मी आणि आणखी एकाने त्यांना उचलून ओटीवर निजवले, अंगावर गोधडी घातली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे जेवले नाहीत हो." मी म्हणालो, "उतरली की जेवतील, वहिनी. झोपू द्या."

पहाटे साडेपाचला वहिनींची किंकाळी ऐकू आली. गोधडी घामाने चिंब झालेली, दादा हलवून हलत नव्हते. जीपमध्ये घालून तालुक्याला नेले. डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब काढून यंत्रावर धरला. आकडा आला २७. निरोगी माणसाचा उपाशीपोटीचा आकडा ७० ते १०० च्या दरम्यान असतो.

आता हे झाले कसे? दारूत तर साखर असते, मग दारूने साखर वाढायला हवी, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत होते. म्हणून मुळापासून पाहू.

आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि त्यात विरघळलेली साखर असते सुमारे पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा! एवढ्या मोठ्या देहाचा कारभार एका चमच्यावर चालतो. त्यात एकटा मेंदूच तासाला सुमारे पाच ग्रॅम साखर जाळतो. म्हणजे पुरवठा थांबला तर तो चमचा तासाभराचादेखील नाही. तरी आपण रात्रभर निजतो आणि सकाळी शहाणे म्हणून उठतो, ते यकृताच्या जिवावर.

यकृत दोन कामे करते. एक कणगीचे आणि दुसरे गुऱ्हाळाचे. जेवणातली जास्तीची साखर ते आपल्यात साठवून ठेवते. ती सुमारे शंभर ग्रॅमपर्यंत असते. जेवणे झाली, पोट रिकामे झाले की या कणगीतून थोडी थोडी साखर रक्तात सोडली जाते. आणि कणगीचा तळ दिसू लागला की गुऱ्हाळावरचा भार वाढतो. स्नायूंनी वापरून टाकलेले पदार्थ, प्रथिनांचे आणि चरबीचे तुकडे, असल्या कच्च्या मालापासून यकृत नवी साखर घडवते. एकादशीचा निर्जळी उपास आपल्याला झेपतो तो याच गुऱ्हाळामुळे.

दारू पोटात गेली की काय होते? दारू शरीराला साठवता येत नाही. ते एक विषच; ते आधी निस्तरावे लागते, आणि निस्तरण्याचे बहुतेक काम यकृतावर पडते. ज्या मदतनीस द्रव्याच्या आधाराने यकृत नवी साखर घडवते, तेच द्रव्य दारू जाळण्यात गुंतून पडते. काहील एकच; तिच्यात दुसरेच काही उकळत ठेवले तर रसाचा गूळ कसा व्हायचा? गुऱ्हाळ बंद पडते. कणगी मात्र उघडी असते. म्हणून ज्याचे पोट भरलेले आहे त्याला लगेच काही होत नाही. त्याची कणगी त्याला तारून नेते. ज्याची कणगी रिकामी, त्याला दुसरी वाट उरत नाही.

आणि हे गुऱ्हाळ किती वेळ बंद राहते, याचा हिशेब करून पहा. तीस मिलिलिटरचा एक पेग, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेला, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निस्तरते. आपल्याकडे ज्याला चपटी म्हणतात त्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत असे सहा पेग असतात. रात्री दहाला ती संपवली तर यकृत पहाटेपर्यंत, कधी सकाळपर्यंतही, त्याच कामात. हातभट्टीच्या दारूचा तर हिशेबच नाही, कारण तिच्यात मद्यार्क किती हे गाळणाऱ्यालाही ठाऊक नसते. लिंबू पिळून, ताक पाजून किंवा डोक्यावर बादली ओतून हा वेग वाढत नाही. यकृत आपल्याच चालीने चालते.

ही गोष्ट वैद्यकाला तशी नवी नाही. १९४१ साली ब्राउन आणि हार्वी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी स्वस्तातला रंगकामाचा स्पिरिट पिणाऱ्या गोरगरिबांत साखर एकाएकी घसरते, असे लिहून ठेवले होते. ही माणसे पीत, पण जेवत नसत. कारण उलगडायला १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले. पुढे २००१ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी इन्शुलिन घेणाऱ्या सहा पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना रात्री नऊला एकदा वाइन दिली, एकदा नुसते पाणी. वाइन घेतली त्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारी झाल्यावर, सहांपैकी पाच जणांची साखर इतकी उतरली की उपाय करावा लागला. पाण्याच्या वेळी एकाचीही नाही. म्हणजे धोका रात्रीचाच नव्हे, दुसऱ्या सकाळचाही. रात्री घेऊन सकाळी उपाशीपोटी इन्शुलिन टोचून शेतावर निघणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दादांचे आता पुन्हा पहा. गोळीचे कामच असे की ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग समोर पान वाढलेले असो वा नसो. नाचताना स्नायूंनी साखर ओढून घेतली. जेवण नाही, म्हणून कणगी रिकामी. आणि दारूने गुऱ्हाळ बंद. चारही वाटांनी एकाच चमच्यावर घाला.

सगळ्याच गोळ्या अशा नसतात. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्यांनी आणि इन्शुलिनने साखर घसरते. मेटफॉर्मिन एकटे असेल तर सहसा घसरत नाही. पण फार पिणाऱ्याच्या रक्तात त्यामुळे आम्ल साठण्याचे निराळे संकट येऊ शकते. आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि विचारताना आपण पितो हेही सांगावे. ही गोष्ट आपण डॉक्टरांपासून चोरतो. दादांनी नऊ वर्षे चोरली होती.

मधुमेह नसलेलाही यातून अगदी सुटत नाही. दिवसभर ऊस तोडून, दुपारची भाकरी तशीच ठेवून, संध्याकाळी रिकाम्या पोटी बसणारा मजूर. दोन-दोन दिवस नुसते पिऊन राहणारा जुना व्यसनी. यांचीही कणगी रिकामीच असते. आणि लहान मूल! त्याची कणगी फार छोटी. पेल्यात उरलेला घोट सरबत समजून मुलाने प्यायला, तर काही तासांत त्याची साखर कोसळून झटके येऊ शकतात. गुरुजनांनो, ही एक गोष्ट पालकसभेत अवश्य सांगा. असे झाले तर मूल बरे दिसले तरी थेट दवाखान्यात न्यावे.

बिअरमध्ये, किंवा दारूत मिसळलेल्या गोड पेयात साखर असते, हे खरे आहे. चकण्याचीही भर पडते. त्यामुळे पिताना आणि पिऊन झाल्यावर आकडा वाढलेलाही दिसतो. आणि नित्य पिणाऱ्याचे स्वादुपिंड सुजून त्यातूनच मधुमेह जडलेली उदाहरणे डॉक्टर सांगतात. पण इथेच फसगत होते. रात्री निजताना यंत्रावर आकडा १८० दिसला म्हणून माणूस निर्धास्त होतो. त्याची घसरण पहाटे व्हायची असते. आकडा जास्त दिसला म्हणून इन्शुलिन वाढवून घेणे, ही तर हात धरून विहिरीत उडी.

आता मुख्य अडचण. साखर उतरलेला माणूस आणि दारू चढलेला माणूस सारखेच दिसतात. आधी घाम, हातापायांना कापरे, छातीत धडधड, भूक. मग जीभ अडखळते, तोल जातो, शांत माणूस चिडतो, भलतेच बोलतो, आणि अखेर झोप. मेंदूला साखर मिळेनाशी झाली की तो असाच वागतो. रोगी शुद्धीत असला तर एरवी त्याला स्वतःला कळते. पण पोटात दारू असली की तीही जाण बोथट होते. आणि पाहणाऱ्यांना वास आलेला असतो, त्यामुळे निदान आधीच ठरलेले असते! नुसते पाहून फरक ओळखता येणार नाही. बोटाच्या थेंबाने येईल. यंत्र जवळ नसेल तर साखर उतरली आहे असेच धरून चालावे.

माणूस जागा आहे आणि नीट गिळू शकतो, तर पाण्यात तीन-चार चमचे साखर विरघळवून पाजावी. गुळाचे पाणी चालेल, साखरेचे सरबत चालेल. मधुमेह आहे म्हणून साखर कशी द्यावी, या विचारात वेळ घालवू नये. आकडा वाढलेला निघाला तरी त्या तीन-चार चमच्यांनी फारसे बिघडत नाही. पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. शुद्ध आली की भाकरी, भात, दूध असे काही पोटभर द्यावे. आणि एकटे सोडू नये, कारण गोळीचा अंमल दिवसभरही राहतो, एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरते. सावध झाला तरी डॉक्टरांना दाखवावेच.

हाक मारून उठत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, थेंबभर पाणीसुद्धा नाही; ते श्वासनळीत जाते. कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी झाली तरी गुदमरणार नाही, आणि १०८ ला फोन करावा. गाडीवाल्याला "दारू प्यायलेत" एवढेच सांगू नका. "मधुमेहाची गोळी घेतात, जेवलेले नाहीत" हे आधी सांगा. शिरेतून ग्लुकोज हाच अशा वेळचा खरा उपाय. ग्लुकॅगॉन नावाचे एक इंजेक्शन आहे, पण ते कणगीतली साखर बाहेर काढते. कणगीच रिकामी असेल तर त्याने कितपत काम व्हावे?

निर्धोक अशी दारूची मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. तरीही जो घेणारच, त्याने निदान रिकाम्या पोटी घेऊ नये, गोळी घेऊन जेवण लांबवू नये, आणि सोबतीला आपला मधुमेह ठाऊक असलेला एक न पिणारा माणूस ठेवावा. खिशात गुळाचा खडा असावा. यापलीकडे सांगण्यासारखे मजजवळ नाही.

दादा तीन दिवसांनी शुद्धीवर आले. जीव वाचला. पण मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला होता, त्याची भरपाई झाली नाही. दूध संकलनाच्या वहीत चारशे खातेदारांचा हिशेब तोंडपाठ ठेवणारा माणूस आता सुट्टे पैसे मोजताना थांबतो.

मागच्या वैशाखात त्याच घरात पुन्हा लग्न झाले. या वेळी पंगत सातला बसली, वरात नंतर निघाली. गोळ्या घेणारे पाहुणे कोण कोण, हे वहिनींनी आदल्या दिवशीच विचारून ठेवले होते, आणि त्यांच्या पानापाशी त्या स्वतः उभ्या होत्या. दादा पहिल्या पंगतीत माझ्या शेजारी बसले होते. लग्न कोणाचे आहे, असे त्यांनी मला दोनदा विचारले.