भोजनसमयीचे पार्श्वसंगीत आणि आहारसवयी : एक विवेचन

प्रस्तावना :
भोजन ही केवळ शारीरिक गरज नसून ती एक सामाजिक क्रिया आहे. वऱ्हाडातील पंगतीत पहिल्या घासापूर्वी श्लोक म्हणण्याची रीत होती. श्लोक संपल्यावर जेवणास प्रारंभ होई. आज लग्नमंडपातील व ढाब्यांवरील गाणी मात्र जेवण संपेपर्यंत सुरूच असतात. अमरावती-नागपूर राष्ट्रीय महामार्गावरील नांदगाव पेठ येथे वाहनचालक, प्रवासी व औद्योगिक वसाहतीतील कामगार यांना घराबाहेर जेवावे लागते. त्यामुळे हा प्रश्न आरोग्याशीही निगडित आहे.

विषय विवेचन :
संगीताचा पहिला परिणाम जेवणाच्या गतीवर होतो. रोबाली व सहकाऱ्यांच्या १९८५ मधील प्रयोगात द्रुत संगीत सुरू असताना मिनिटाला सरासरी ४.४० घास, तर संथ संगीतात ३.८३ घास घेतले गेले. पोट भरल्याची जाणीव होण्यास साधारणतः वीस मिनिटे लागतात. घाईने जेवणारा त्यापूर्वीच गरजेपेक्षा अधिक खाऊन बसण्याची शक्यता असते.

दुसरा परिणाम वेळेवर होतो. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील एका उपाहारगृहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. संथ संगीतात ग्राहक सरासरी ५६ मिनिटे, तर द्रुत संगीतात ४५ मिनिटे टेबलावर बसले. जेवणावरील खर्च जवळपास सारखाच राहिला. मद्यावरील खर्च मात्र संथ संगीतात लक्षणीय वाढला. म्हणजेच संथ संगीत नेहमीच मिताहारास पोषक ठरते, असे नाही.

तिसरा परिणाम निवडीवर होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीपायन बिस्वास व सहकाऱ्यांच्या संशोधनात स्टॉकहोममधील कॅफेत ५५ व ७० डेसिबल असे आवाज ठेवण्यात आले. मोठ्या आवाजात कमी आरोग्यदायी पदार्थांची मागणी वाढली.

तथापि, हे निष्कर्ष सरसकट लागू करता येत नाहीत. स्ट्रोबेले व डी कॅस्ट्रो यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या आहारनोंदी तपासल्या. संगीतासह घेतलेले जेवण अधिक व दीर्घ होते. परंतु संगीताच्या गतीचा वा आवाजाचा त्याच्याशी संबंध आढळला नाही. शिवाय हे सर्व अभ्यास परदेशातील आहेत. ताटात आग्रहाने वाढण्याची आपल्याकडील पद्धत त्यांत विचारात घेतलेली नाही.

निष्कर्ष :
संगीत भूक निर्माण करीत नाही. ते भुकेकडील लक्ष विचलित करते. संगीताची निवड ढाबामालक वा यजमान करतो, त्याचा परिणाम मात्र जेवणाऱ्याच्या शरीरावर होतो आणि बहुधा तो त्याच्या लक्षातही येत नाही. ढाबे, कारखान्यांची उपाहारगृहे व मंगल कार्यालये यांनी भोजनसमयी आवाज मंद ठेवावा. जेवणाऱ्यानेही प्रत्येक वाढणीपूर्वी क्षणभर थांबून भूक उरली आहे काय, हे पाहावे. श्लोकानंतर घास ही पंगतीतील रीत अशाच थांबण्याची सवय लावीत होती.