पन्हळीसाठी छपरावर चढायलाच हवं का?

मे सरत आला की कोकणात कौलं परतली जातात, लाकूडफाटा आत येतो आणि घरात कुणाच्या तरी लक्षात येतं की पन्हळ साफ करायची राहिली. मग शिडीची शोधाशोध. पन्हळ उंचावर, म्हणून तिची सफाई हे चढण्याचं काम, हा समज इतका पक्का आहे की शिडी पोचत नाही तिथली पन्हळ वर्षानुवर्षं तुंबलेलीच राहते. नाहीतर कुणीतरी शेवाळलेल्या कौलांवर जीव मुठीत धरून सरकत जातो. वास्तविक यातलं बरंचसं काम अंगणात उभं राहून होतं. जे होत नाही, त्यासाठी दरवर्षी चढण्यापेक्षा पन्हळच बदलावी किंवा काढावी.

‘मोठी सर आली की सगळं धुऊन जातं’ ही समजूत आधी बाजूला ठेवू. पन्हळीला उतार असतो साधारण दहा फुटांना अर्धा इंच. एवढ्यावर पाणी वाहतं, ओली पानं वाहत नाहीत. ती तळाला चिकटतात, त्यांच्यामागे कौलांची माती, आंब्याचा मोहोर, शेवाळ अडतं आणि गाळ बसतो. जे काही वाहतं ते उभ्या पाइपच्या तोंडाशी जाऊन अडकतं. आता पाण्याचा हिशोब पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराची एक बाजू आडव्या मापाने 50 चौरस मीटर असेल आणि तासाला 60 मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळत असेल, तर त्या एका पन्हळीत मिनिटाला 50 लिटर पाणी येतं. एवढं सगळं वीतभरही रुंद नसलेल्या तोंडातून उतरायचं असतं. तिथे फणसाची चार पानं आडवी बसली तरी पुरे. म्हणजे पन्हळभर हात फिरवण्याआधी गाठायची ती ही एक जागा.

आणि ती खालून गाठता येते. पीव्हीसी पाइपच्या वरच्या टोकाला दोन एल्बो लावले की तोंड खाली वळतं. खालच्या टोकाला बागेची नळी जोडली की झालं. वर काय आहे ते दिसत नाही, ही अडचण खरी. पण काठीला मोबाइल घट्ट बांधून व्हिडिओ घेतला की तीही सुटते. गाळ उभ्या पाइपात जाऊन बसेल, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणून पाइपचा खालचा एल्बो शक्य असेल तर आधी काढून ठेवावा, तोंडाजवळची पानं काठीच्या आकड्याने बाहेर ओढावीत आणि मगच पाणी सोडावं. वाळलेला गाळ थोडा वेळ भिजू द्यावा. हाताने केल्याइतकं स्वच्छ होणार नाही, हे कबूल. पण पन्हळ चकचकीत करायची नसून वाहती करायची आहे. विजेची सर्व्हिस वायर वळचणीजवळून जात असेल, तर मात्र ना काठी वर न्यावी ना पाण्याची धार. प्रेशर वॉशरचा मोहही नको. खालून मारलेली जोरदार धार कौलांच्या सांध्यातून आत शिरते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते घासू नयेत, त्यांवर जोराची धारही मारू नये.

जाळी बसवली की कटकट मिटली, असं विकणारा सांगतो. जाळी आंब्याची पानं अडवते, मोहोर आणि सुरूच्या काड्या अडवत नाही. शिवाय अडलेली पानं जाळीवरच साचली की पाणी वरून उडी मारून भिंतीवर येतं. मेमध्ये एकदा साफ केलं की पावसाळ्याची चिंता नाही, हेही तितकंच अर्धवट. 2020 साली 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं; त्याआधी साफ केलेल्या पन्हळींचा काय उपयोग राहिला असेल? वळवाच्या वाऱ्यानंतर एकदा आणि श्रावणातल्या उघडिपीत एकदा बघायलाच हवं. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, ते वेगळंच.

‘एवढं कशाला, गडी बोलवा’ असं म्हणताना धोका संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातो. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने कधी फुटेल ते कळत नाही. शिडीच लावायची तर चार फूट उंचीला पायथा एक फूट बाहेर, खाली धरायला माणूस, आणि शिडीचा टेका भिंतीला. पन्हळीला कधीच नाही.

राहता राहिली दोन छपरांच्या मधली पन्हळ. जमिनीवरून तिथे पोचता येत नाही, आणि ती तुंबली की पाणी थेट घरात. तिथे रुंद, खोल पन्हळ आणि दोन्ही टोकांना पाण्याला वाट, हा खर्च एकदाच पण कामाचा. मागच्या उंच पडवीची पन्हळ तर बऱ्याचदा हवीच असते असं नाही. जुन्या कोकणी घरांना रुंद वळचण असायची आणि पागोळ्या खाली जांभ्याच्या चरात पडायच्या. वळचण भिंतीपासून पुरेशी बाहेर असेल, तर न पोचणारी पन्हळ खुशाल काढून टाकावी, खाली दगडी चर बांधावा आणि येण्याजाण्याच्या दारावर तेवढी एक आखूड पन्हळ ठेवावी.