मारकडवाडीचं न झालेलं मतदान

२३ नोव्हेंबर २०२४, विधानसभा निकालाचा दिवस. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचा आकडा बाहेर आला: भाजपचे राम सातपुते १,००३, शरद पवार गटाचे उत्तमराव जानकर ८४३. गाव जानकरांना मानणारं, म्हणून लोक चक्रावले. पण गंमत अशी, की मतदारसंघात जानकर तेरा हजारांवर मतांनी निवडून आले होते! निकालावर शंका एरवी हरलेला घेतो. इथे गुलाल उधळलेल्यांनीच घेतली.

मग ३ डिसेंबरला स्वखर्चाने, मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं गावाने ठरवलं. प्रशासनाने नकार दिला, जमावबंदी लावली, गावात पोलीस उतरले. मतदान बारगळलं आणि वर जानकरांसह गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. ८ तारखेला शरद पवार येऊन गेले, पाठोपाठ भाजपच्या बाजूने मतदान यंत्रांचं समर्थन करणारी सभा झाली.

मतदान बेकायदाच ठरलं असतं, हे खरं. आणि १६० मतांचा फरक म्हणजे घोटाळ्याचा पुरावा नव्हे. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार त्याच वर्षी खात्यात पडत होते, घरातली मतं फुटली नसतील कशावरून? पण शंका फेडायची सोय कुठे होती? एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यंत्रांच्या तपासणीची मुभा दिली, ती दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. जानकर पहिले! मत कुणाला पडलं ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात त्याही मतदारसंघातल्या चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या. एखाद्या गावाने मागितल्या तर त्याच्या केंद्राच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजाव्यात, एवढी तरतूद असती तर पोलिसांची गाडी लागली नसती.

अर्थात कागद मोजला म्हणजे सगळे गप्प बसतात, असंही नाही. २०२० साली अमेरिकेतल्या जॉर्जियात सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. बायडनच पुढे राहिले. तरी २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी तिथल्या निवडणूक प्रमुखांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं. चार दिवसांनी संसदेवर जमाव चालून गेला. निकाल उलटवण्याच्या प्रयत्नांवरून ट्रम्प यांच्यावर भरलेला जॉर्जियातला खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झाला. त्याआधी, २० जानेवारी २०२५ ला पुन्हा अध्यक्ष होताच, संसदेवरच्या हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार जणांना ट्रम्प यांनी माफी देऊन टाकली होती. मारकडवाडीत एक मतही न पडता गुन्हे दाखल झाल्याला तेव्हा दोन महिनेही उलटले नव्हते.